एक्केचाळिसावी खेळी

ग्युम्री. बाहेर गुडघाभर बर्फ.
अरेग फोन टेबलावर ठेवतो, जर्दाळूच्या मुरंब्याशेजारी,
आणि म्हणतो, खेळ आजी, बघू किती टिकतेस.

मी सूतगिरणीची तीन वर्षांची विजेती.
सव्विसाव्या खेळीला माझा राजा कोपऱ्यात
आणि फोन साधा गरमसुद्धा झालेला नाही.

जगज्जेतेही हरतात गं याच्याशी, नातू समजूत घालतो,
हरतात म्हणजे, आता बसतच नाहीत समोर.
मोटारीशी कुणी धावायची शर्यत लावतं का?

मग त्याने यंत्राची ताकद बोटाने खाली ओढली, पार तळाला,
आणि ते मुद्दाम चुकू लागलं.
धडधाकट उंट माझ्या पुढ्यात टाकला,
निसरड्यावर कुणी म्हातारीचा कोपर धरावा
आणि वर म्हणावं, छान चालताय.
मी तो उंट घेतला नाही.
रागात मी असंच खेळते.

याला एक जुना डाव दाखव, म्हटलं.

सहा डिसेंबर, अठ्ठ्याऐंशी. गिरणीचा क्लब.
समोर त्सोलाक, रंगखात्यातला, नखं कायमची निळी.
चाळीस खेळ्या झाल्या, रात्र झाली, घड्याळं थांबवली.
एक्केचाळिसावी त्याची.
हाताचा आडोसा करून लिहिली, पाकिटात घातली,
पाकिटाचा डिंक जिभेने ओला केला.
पंच वाघर्शने सही केली, मी केली,
पाकीट लोखंडी कपाटात,
पुढचा खेळ उद्या संध्याकाळी सहाला.
जिन्यात तो म्हणाला,
आज झोप नाही लागायची तुला, न्वार्द.

लागली.
सकाळी अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जमीन हलली.
आकड्यांवर माझा विश्वास नाही,
पण एकदा लक्षात आलं ते जात नाही.

कपाट उन्हाळ्यात सापडलं, चेपलेलं, आत पाणी.
वाघर्श नव्हता.
त्सोलाक तर पहिल्याच दिवशी.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तो पट मांडते.
आधी तंबूत, सोंगट्या नव्हत्या तर बटणांनी,
मग अकरा वर्षं पत्र्याच्या खोलीत,
मग इथे.
त्याचा हत्ती, घोडा, चार प्यादी.
माझा हत्ती, उंट, चार प्यादी.
एक वही घोड्याच्या खेळ्यांची, एक हत्तीच्या,
तिसरी राजाची, अर्धी कोरी.

फोनला दोन सेकंद लागले.
पांढरा जिंकतो, अरेग म्हणाला,
हत्ती सातव्या रांगेत, फक्त तेवढी एकच खेळी,
दुसरं काहीही खेळलं तर बरोबरी.

मी दुसरी वही काढली. पान चौदा.
तोच हत्ती, तीच रांग,
खाली माझ्या अक्षरात: हे त्याला दिसणार नाही.

मग त्याने काय लिहिलं होतं, मी विचारलं.
अरेगने फोन उलटसुलट केला, जणू मागे लिहिलेलं असेल.
आजी, हे सगळ्यात चांगली खेळी सांगतं.
त्याची नाही सांगू शकत.

त्याला घोडा फार प्रिय. दार उघडं असलं तरी
हा अडीच घरं उडी मारून खिडकीतून जायचा.
इतकी वर्षं मी त्या घोड्यावर भरवसा ठेवून होते:
उडी मारली असणार त्याने, बरोबरी असणार,
आणि मी हरलेली नसणार.

पण जिन्यातलं ते बोलणं.
बरोबरीच्या डावावर कुणी असं बोलतं?

आज पहिल्यांदा वाटलं, दिसला असावा त्याला तो हत्ती.
कुठलंही यंत्र नसताना, निळ्या नखांनी डोकं खाजवत,
दोन नव्हे, चाळीस मिनिटं घेऊन.
आणि रात्रभर, सकाळचा चहा पिईपर्यंत,
कामावर जाईपर्यंत,
जिंकलेला माणूस होता तो.

अरेग विचारतोय, नवा डाव लावू?
थांब जरा.
पान चौदावरचा शेरा खोडायचाय,
पेन्सिल इथेच होती कुठेतरी.